हंगाम संपल्यावर पोहणे-धावणे शर्यतीत उतरावे का, आणि उतरायचे असल्यास तयारी कशी करावी?

गोव्यातील ७०.३ शर्यत (१.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशी ट्रायथलॉन) नोव्हेंबरच्या सुरुवातीला पूर्ण केल्यावर, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पुण्यात होणाऱ्या ७५० मीटर पोहणे आणि ५ किलोमीटर धावणे अशा छोट्या शर्यतीत नाव द्यावे, की विश्रांतीचे महिने विश्रांतीसाठीच ठेवावेत, असे आपण विचारले आहे. आपले पोहण्याचे टायमिंग ४०० मीटरला ८ मिनिटे आणि २०० मीटरला ३ मिनिटे ४८ सेकंद आहे, तर १० किलोमीटर धावायला आपल्याला ५२ मिनिटे लागतात, हेही आपण कळवले आहे. एवढी माहिती हाती असल्यामुळे मोघम बोलण्याचे कारण उरत नाही.

नाव अवश्य द्यावे, असे माझे मत आहे. मात्र या शर्यतीसाठी वेगळी शिखर-तयारी करू नये. गेली अनेक वर्षे मी स्वतः अशा शर्यती करतो आणि इतरांकडून करून घेतो, आणि माझ्या अनुभवात हंगामाबाहेर याहून चांगली चाचणी नाही. सायकल नसली की शर्यत सोपी होते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात सायकल नसली की लपायला जागा उरत नाही. गोव्यात मिरामारच्या समुद्रातून बाहेर आल्यावर आपल्यापुढे ९० किलोमीटर सायकल होती. खांदे सैल व्हायला, श्वास ताळ्यावर यायला आणि पाण्यात केलेली चूक निस्तरायला त्यात तीन तासांच्या आसपास वेळ मिळाला. इथे पाणी सोडल्यापासून दीड मिनिटात आपण रस्त्यावर असता. शेवटच्या दोनशे मीटरला ताकदीबाहेर हात मारले असतील, तर पहिल्या किलोमीटरच्या आतच पाय ते सांगतात. शिवाय सगळा खेळ पाऊण तासाच्या आत संपतो आणि तीन-चार दिवसांत शरीर पूर्ववत होते, त्यामुळे पुढच्या हंगामाच्या पायाभरणीला धक्का लागत नाही.

नाव देण्यापूर्वी आयोजकांना शर्यतीचे स्वरूप नीट विचारून घ्यावे, कारण ‘अॅक्वाथलॉन’ या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी चालतात. जागतिक ट्रायथलॉन संघटनेच्या नियमांत प्रमाण अंतर १ किलोमीटर पोहणे आणि ५ किलोमीटर धावणे असे आहे. परंतु पाणी २२ अंशांहून गरम असेल तर आधी २.५ किलोमीटर धावणे, मग १ किलोमीटर पोहणे आणि पुन्हा २.५ किलोमीटर धावणे असाही क्रम असतो. जर्मनीत हिवाळ्यात बंदिस्त तलावांवर होणाऱ्या अनेक शर्यतींत पोहणे वेगवेगळ्या गटांत उरकले जाते, मध्ये बराच अवकाश मिळतो, आणि नंतर पोहण्यात जितक्या सेकंदांचा फरक पडला तितक्याच फरकाने एकेकाला धावायला सोडले जाते, म्हणजे जो पुढे पळताना दिसतो तोच खरोखर पुढे असतो. प्रेक्षकांच्या दृष्टीने हा प्रकार उत्तम आहे, पण पोहून लगेच धावण्याची कसोटी त्यात निघून जाते आणि ती दोन स्वतंत्र शर्यतींची बेरीज होते. स्वीडनमधील ‘ओटिलो’ हा तर वेगळाच संसार आहे. २००६ पासून स्टॉकहोमच्या द्वीपसमूहात होणाऱ्या त्या सुमारे ७०-७५ किलोमीटरच्या शर्यतीत जोडीने बेटामागून बेट ओलांडायचे असते, आणि बूट घालून पोहायचे व वेटसूट (गार पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) घालून धावायचे असते. आपली शर्यत सलग, आधी पोहणे आणि मग धावणे अशी आहे असे गृहीत धरून मी पुढचे लिहितो. तसे नसेल, आणि आधी धावणे असेल, तर पोटऱ्यांकडे लक्ष द्यावे लागेल. धावून तापलेल्या पोटरीला पाण्यात पाऊल ताणून पाय मारायला लावले की गोळा येण्याची शक्यता वाढते, आणि तलावाच्या मधोमध गोळा येणे हा फारच दीनवाणा अनुभव असतो.

आता वेळापत्रकाविषयी. गोव्यानंतरचे पहिले दोन आठवडे आपण काहीही शिस्तबद्ध केले नसेल, तर उत्तम केले. तिसऱ्या आठवड्यापासून हलके पोहणे आणि टेकडीवर रमतगमत धावणे पुरते. डिसेंबरमध्ये मालवणच्या चिवला बीचवरील सागरी जलतरण स्पर्धेला कित्येक जण जातात. आपणही जात असाल तर हरकत नाही, उलट पाण्याशी संबंध टिकतो. पोहण्यातली पाण्याची ‘पकड’ धावण्याच्या दमापेक्षा लवकर हरवते. मला चिंता वाटते ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारच्या मुंबई मॅरेथॉनची. आपण तिथे पूर्ण ४२ किलोमीटर धावणार असाल, तर लगेच पुढच्या आठवड्यात पाच किलोमीटर जोरात धावण्याचा विचार सोडून द्यावा, कारण मॅरेथॉनने आतून फाटलेले स्नायू दहा दिवसांत वेगासाठी तयार होत नाहीत. अर्धमॅरेथॉन सावकाश धावणार असाल, तर मात्र दोन्ही जमू शकेल.

तयारीचा पाया म्हणजे आपण स्वतःच दिलेले आकडे. ४०० मीटरच्या ४८० सेकंदांतून २०० मीटरचे २२८ सेकंद वजा केले की २५२ सेकंद उरतात, आणि त्यांची निम्मी संख्या १२६ सेकंद, म्हणजे १०० मीटरला २ मिनिटे ६ सेकंद. याला क्रिटिकल स्विम स्पीड म्हणतात. हा वेग दम टिकवून बराच वेळ राखता येतो; याच्या वर गेले की थकवा झपाट्याने साचतो. या वेगाने ७५० मीटरला १५ मिनिटे ४५ सेकंद लागतात. १० किलोमीटरच्या ५२ मिनिटांवरून ताज्या पायांनी ५ किलोमीटर साधारण २५ मिनिटांत जावेत. पोहून आल्यावर २६ धरावीत. मध्ये दीड मिनिट. एकूण सुमारे ४३ मिनिटे होतात, आणि हेच आपले प्रामाणिक लक्ष्य ठेवावे.

आठवड्यातून तीनदा टँकवर जावे, तीनदा धावावे, आणि सायकल केवळ आनंदासाठी चालवावी. यांपैकी एक दिवस पोहणे आणि धावणे जोडून करावे. शर्यतीपूर्वी असे चार दिवस मिळाले तरी पुरे. मी सांगतो तो प्रकार असा: २५० मीटर २ मिनिटे ६ सेकंदांच्या गतीने पोहायचे, लगेच बाहेर येऊन १ किलोमीटर ५ मिनिटे १० सेकंदांच्या गतीने धावायचे, पाच मिनिटे थांबायचे, आणि हे तीनदा करायचे. पाऊण तासाच्या बॅचमध्ये ओल्या अंगाने आत-बाहेर करायला बहुतेक टँकवर परवानगी मिळत नाही, याची मला कल्पना आहे. तसे असेल तर बॅचची शेवटची सोळा मिनिटे सलग पोहण्यासाठी राखून ठेवावीत, बूट फाटकाजवळच्या बाकावर ठेवावेत, आणि बॅच संपताच अंग न पुसता रस्त्यावर तीन किलोमीटर धावून यावे. रखवालदार दोन दिवस चमत्कारिक नजरेने पाहतो, मग त्याला सवय होते.

एक धोका मात्र मी दरवर्षी पाहतो. ट्रायथलॉन करणाऱ्या मंडळींचा दम हंगामाबाहेरही बऱ्यापैकी टिकलेला असतो, पण पोटऱ्या आणि घोट्यामागचा कंडरा वेगाची सवय विसरलेले असतात. दम आहे म्हणून माणूस धावतो आणि कंडरा दुखवून घेतो. मग मार्चपर्यंत लंगडणे आले. म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम एका दिवसाआड करावा, आणि हलक्या धावण्याच्या शेवटी वीस-वीस सेकंदांच्या पाच-सहा झपझप धावा घ्याव्यात. शर्यतीपूर्वी व्यायाम कमी करण्याचा आठवडा वगैरे पाळू नये. आधीचे दोन दिवस हलके ठेवले की पुरे.

जानेवारीत पुण्यात पहाटेचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरते आणि उघड्या, न तापवलेल्या तलावाचे पाणी चांगलेच गारठते. गोव्याच्या कोमट, खारट समुद्राशी याची तुलनाच नको. खाऱ्या पाण्यात शरीर वर तरंगते, गोड्या पाण्यात कंबर आणि पाय खाली जातात, त्यामुळे समुद्रातल्या टायमिंगवरून तलावाचा अंदाज बांधू नये. गार पाण्यात शिरताच पहिले मिनिट-दोन मिनिटे श्वास आपोआप तुटक होतो आणि छातीचे ठोके उसळतात. त्याच क्षणी शर्यतीची शिट्टी वाजली, तर निम्मे लोक पहिल्या पन्नास मीटरमध्येच घाबरून डोके वर काढतात. यावर उपाय म्हणजे आपल्या हीटच्या (आपल्या गटाच्या फेरीच्या) आधी पाण्यात उतरून तीन-चार मिनिटे सावकाश पोहून घ्यावे. तशी सोय नसेल तर निदान तोंडावर, मानेवर आणि छातीवर पाणी मारून घ्यावे, आणि काठावर दहा मिनिटे हात फिरवून अंग तापवावे. ट्रायथलॉनमध्ये झालेल्या हृदयविषयक मृत्यूंपैकी बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात झालेले आहेत. वय चाळिशीपुढे असेल, रक्तदाब असेल किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घेतल्याशिवाय गार पाण्यात जोर लावू नये. छातीत अवघडल्यासारखे वाटले तर लेनची दोरी धरून थांबावे. त्यासाठी कोणी बाद करत नाही, आणि केले तरी करू द्यावे.

नावनोंदणीच्या अर्जात पोहण्याचे अपेक्षित टायमिंग विचारतात, कारण त्यावरून लेन ठरतात. तिथे १६ मिनिटे असे लिहावे. काही जण संकोचाने २० लिहितात आणि मग आपल्याहून मंद माणसांच्या मागे अडकतात. काही जण प्रतिष्ठेसाठी १३ लिहितात आणि सबंध शर्यतभर तळपायांना मागच्याची बोटे लागून घेतात. लेनमध्ये कोणी पायाला हात लावला, तर त्याला पुढे जायचे आहे असे समजावे आणि पुढच्या भिंतीशी बाजूला होऊन वाट द्यावी. पुढच्याचा वेग आपल्याइतकाच असेल तर त्याच्या पायामागे राहणे फायद्याचे असते, कारण त्याने कापलेल्या पाण्यातून पोहायला कमी श्रम पडतात.

अंतर मोजण्याचा विषय क्षुल्लक वाटतो, पण माझी स्वतःची पहिली अशी शर्यत याच कारणाने फसली. २५ मीटरच्या तलावात ३० लेंग्थ, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतच्या ३० खेपा, होत्या. अकराव्या-बाराव्याच्या सुमारास माझा घोळ झाला, काठावरच्या मोजणाऱ्या मुलाचाही झाला, आणि वाद नको म्हणून मी दोन लेंग्थ जास्त पोहलो. दोन लेंग्थ म्हणजे माझा जवळपास एक मिनिट. तेव्हापासून मी एक-एक लेंग्थ न मोजता जाण्या-येण्याची एक जोडी धरतो आणि पाच-पाच जोड्यांचे तीन गट करतो. पहिल्या गटात हात लांब नेण्यावर लक्ष, दुसऱ्यात श्वासावर, तिसऱ्यात पायांवर, म्हणजे लक्ष कुठे आहे यावरूनच कितवा गट चालू आहे ते कळते. आपला तलाव ५० मीटरचा असेल तर ७५० मीटर म्हणजे १५ लेंग्थ होतात. ही विषम संख्या असल्यामुळे आपण सुरुवातीच्या नव्हे तर समोरच्या काठाला बाहेर पडाल. शिडी तिथे आहे का आणि बूट कोणत्या बाजूला ठेवायचे आहेत, हे आदल्या दिवशी पाहून ठेवावे. २५ मीटरच्या तलावात वळणे दुप्पट असतात आणि प्रत्येक वळणावर भिंतीचा धक्का मिळतो, त्यामुळे टायमिंग थोडे चांगले येते, हेही तुलना करताना ध्यानात असू द्यावे.

पहिले १०० मीटर २ मिनिटे ८ सेकंदांत जावेत. ते हास्यास्पद सोपे वाटतील, वाटू द्यावेत. मधला भाग २ मिनिटे ६ सेकंदांनी, आणि शेवटचे ५० मीटर हातांचा जोर न वाढवता पाय मात्र ठळकपणे मारत. याचे कारण असे की पाण्यात आपण आडवे असतो, पाण्याचा दाब रक्त छातीकडे ढकलतो, आणि त्यामुळे तेवढ्याच श्रमाला नाडी धावण्यापेक्षा साधारण दहा ठोक्यांनी कमी असते. काठावर उभे राहताच तो दाब जातो, रक्त पायांत उतरते, आणि पाय इतका वेळ जवळजवळ निष्क्रिय असल्याने ते वर ढकलले जात नाही. डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते ती यामुळे. अखेरच्या पन्नास मीटरला पाय मारत आलो की पायांतला रक्तप्रवाह आधीच सुरू झालेला असतो. चक्कर येण्याचे दुसरे कारण कानात आहे. गार पाणी एका कानात जास्त शिरले की तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळते. ज्यांना हा त्रास होतो त्यांनी कानात बोळे घालावेत, मी घालतो. कसेही असले तरी काठावर हाताने रेटून उसळी मारत उठण्यापेक्षा शिडी धरून, दोन श्वास घेऊन उभे राहावे, आणि ओल्या फरशीवर धावू नये. फरशीवर वाचवलेले तीन सेकंद आणि फुटलेले कोपर यांचा सौदा करणारे लोक मी पाहिले आहेत.

बूट घालण्याच्या जागी मात्र खरोखर वेळ वाचतो. तिथे वाचलेले ३० सेकंद म्हणजे पाच किलोमीटरमध्ये दर किलोमीटरमागे सहा सेकंद, आणि ते सहा सेकंद व्यायामाने कमवायला महिने लागतात. बुटांना न बांधायच्या लवचीक नाड्या लावाव्यात, आत थोडी टाल्कम पावडर टाकावी, आणि टाचेला व चवड्याला व्हॅसलीन चोळून ठेवावे. पाच किलोमीटरसाठी मोजे घालू नयेत असे मी म्हणेन, पण तालमीच्या चारही दिवशी मोज्यांशिवाय धावून पाहिले असेल तरच. दहा किलोमीटर असते तर मोजे घालाच म्हटले असते. बिब, म्हणजे शर्यतीच्या क्रमांकाचा कागद, कमरेच्या पट्ट्याला लावून ठेवावा, शर्टाला टाचण्या लावत बसू नये. उघड्या अंगाने धावायला बहुधा परवानगी नसते, आणि ओल्या अंगावर बनियन चढवण्याचा खटाटोप पाहवत नाही. म्हणून ट्रायसूट (पोहायला आणि धावायला दोन्हीला चालणारा अंगाबरोबरचा पोशाख) घालूनच पोहावे. थंडी वाजतच असेल तर कापडी बाह्या गुंडाळून ठेवाव्यात आणि धावत-धावत चढवाव्यात. टोपी आणि गॉगल उभे राहिल्यावर लगेच काढावेत आणि सामानाशेजारी टाकावेत.

सायकलनंतर धावताना पाय लाकडासारखे वाटतात. पोहल्यानंतर उलट पाय हलके, जणू न वापरलेले वाटतात, आणि खरोखरच ते वापरलेले नसतात. थकलेले असतात ते खांदे, पाठ आणि दम. त्यामुळे पाय ४ मिनिटे ३० सेकंदांच्या गतीने निघतात, डोक्याला ते पाचासारखे वाटते, आणि दीड किलोमीटरनंतर दम तुटतो. आपण पहिले ५०० मीटर ५ मिनिटे २५ सेकंदांच्या गतीने धावावेत, घड्याळात पाहून. मनगटावरची नाडी या वेळी विश्वासाची नसते, कारण ओल्या, गार त्वचेवर घड्याळ चुकीचे आकडे दाखवते. गतीवर आणि श्वासावर भरवसा ठेवावा. खांदे कानांपाशी चढलेले असतात, ते दोनदा झटकून खाली सोडावेत. मग ५ मिनिटे १५ सेकंदांवर यावे, आणि शेवटच्या दीड किलोमीटरला जे शिल्लक असेल ते द्यावे. एवढ्या वेळासाठी ऊर्जा देणारे जेल वगैरे लागत नाही. दोन-अडीच तास आधी दोन केळी, एक पोळी आणि चहा पुरतो.

शेवटची रेषा ओलांडल्यावर पाच मिनिटांत ओले कपडे बदलावेत, डोक्याला लोकरीची टोपी घालावी, आणि गप्पा नंतर माराव्यात. घाम आणि तलावाचे पाणी यांनी भिजलेले अंग जानेवारीच्या वाऱ्यात फार लवकर गार पडते. मग घरी जाऊन तीन आकडे लिहून ठेवावेत: पोहण्याचा वेळ, मधला वेळ, आणि धावण्याच्या पहिल्या व शेवटच्या किलोमीटरमधला फरक. पोहणे १५ मिनिटे ४५ सेकंदांच्या आसपास आले, पण पहिला किलोमीटर शेवटच्यापेक्षा वीस सेकंदांनी वेगवान निघाला, तर फेब्रुवारीत आपल्याला पोहण्याचे नव्हे, आवर घालण्याचे काम करायचे आहे. पोहणेच १७ मिनिटांवर गेले आणि बाहेर येताना दमछाक झाली, तर पोहण्याचा वेग वाढवण्याआधी एखाद्या जाणकाराकडून काठावरून आपले हात पाहून घ्यावेत. आणि दोन्ही ठीक येऊन मधल्या वेळात तीन मिनिटे गेली, तर पुढच्या महिन्यात रोज संध्याकाळी ओल्या पायांनी बूट घालण्याचा सराव घरच्या बाथरूमच्या दारातच करता येईल.